दोन होड्या आणि दोन कॅन खारं पाणी

आमची होडी आज पाण्यावर आहे आणि तिच्यात माझी बायको आणि माझी मुलगी निर्धास्त बसतात, ते मावशीमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागाहून सांगायला गेलं की माणूस आपलाच शहाणपणा पुढे दामटतो. मावशी म्हणजे माझ्या बायकोची मावशी, माझी मावससासू. पेणच्या खाडीकाठी मिठागरावर तिचा सगळा जन्म गेला. नाव लिहायला तिने मनाई केली आहे. "माजं नाव लिवून काय व्हनार हाय? मिठाच्या गोनीवर लिवतंय का कोन, कुनी भरलं ते?" असं म्हणाली. म्हणून इथे नुसतं मावशी.

आता मी कोण, ते. मी इकडचा नाही. माझं गाव बालाघाटाच्या डोंगरात, पेणहून संध्याकाळी एसटी धरली तर दुसऱ्या दिवशी उजाडताना लागतं. आमच्याकडे नदी आहे, पण वर्षातले नऊ महिने ती ओलांडायला चप्पलसुद्धा काढावी लागत नाही. आठवीत शाळा सोडली आणि दाजींच्या ग्रिल-गेटच्या दुकानात लागलो. तिथे वेल्डिंग शिकलो, आणि त्या कामाच्या मागे मागे पेणजवळ डोलवीला कंपनीत ठेक्यावर आलो. ज्या घरून जेवणाचा डबा यायचा त्याच घरचा जावई कसा झालो, ती गोष्ट वेगळी. पण तेव्हापासून माझा संसार खाडीच्या काठावर आहे आणि मला पोहता येत नाही.

यातलं दुसरं मी लग्नाआधी सासरी सांगितलं नव्हतं.

आम्ही खाडीच्या अलीकडे राहतो. सासूबाई, मावशी आणि मिठागर पलीकडे. रस्त्याने जायचं तर हायवेवर येऊन, दोन गाड्या बदलून तास-सव्वा तास मोडतो. होडीने पंधरा मिनिटं. त्यामुळे बायको आठवड्यातून तीन-चारदा होडीनेच जाणार, मिठाच्या दिवसांत तर रोज, आणि मुलगी तिच्याबरोबर. होडी बायको स्वतः चालवते. मी त्या वेळी शिफ्टला असतो आणि वेल्डिंगच्या काचेतूनही मला पाणीच दिसतं.

जुनी होडी लाकडाची, सासऱ्यांच्या हातची. सासरे गेले, मग होडीही एका अंगाने जायला लागली. गेल्या साली मी सेकंड शिफ्ट करून घरी आलो तर मुलगी जागी होती आणि आनंदाने उड्या मारत होती. "पप्पा, आज आपल्या होडीत विहीर झाली होती! मी डब्याने पानी काढलं!" बायको चुलीकडे तोंड करून म्हणाली, "थोडंसं आलं होतं. फली कुजलीय." गॅस बंद आहे का ते तीनदा बघणारा माणूस मी. त्या दिवसापासून ती होडी मी खुंटाला बांधून टाकली, ती सुटली नाही.

दुसरी होडी घ्यायची तर लाकडाची आता बांधणारे कमी. तेवढ्यात आमच्या शिफ्टमधल्या, रोह्याशेजारच्या अष्टमी गावात राहणाऱ्या एकाने सांगितलं की रोह्याला कुंडलिका नदीच्या काठी एका बंगल्यात दोन अल्युमिनियमच्या मोटारबोटी विकायच्या आहेत. मालक मुंबईला, येत नाहीत, केअरटेकरला सांगून ठेवलंय. इंजिन एकच आहे, ते दोन्हींपैकी जी घ्याल तिला बसतं. भावही दोन्हींचा सारखाच.

मी आणि बायको गेलो. मुलीला सासूबाईंकडे ठेवलं.

बंगल्याच्या मागे बदामाच्या झाडाशेजारी दोन्ही होड्या ट्रकच्या जुन्या टायरांवर ठेवलेल्या. केअरटेकर पन्नाशीचा, गळ्यात शिट्टी, का ते शेवटपर्यंत कळलं नाही. हात पसरून म्हणाला, "दोघी भैनी हायत. फॅमिली बोट. पाच मानसं आरामात."

खरंच बहिणी होत्या. लांबी सारखी, रुंदी सारखी, बसायला तीन-तीन फळ्या, कडेने निळा पट्टा, एवढंच काय, चहाचा कप ठेवायची भोकंही दोघींना. मी खिशातून टेप काढला. मापली. मग उलट्या बाजूने मापली. वहीत लिहिलं. मग पहिलीची रुंदी बरोबर लिहिली का म्हणून परत मापली.

"मापं काय घेता इतकी?" बायको म्हणाली. "बलाऊज शिवायचाय का तिला?"

केअरटेकर हसला. मी त्याला विचारलं, "हिच्यात कधी कोणी बुडालं वगैरे?"

"नाय हो. ह्या पान्यात कमी आनि फोटोत जास्त गेल्यात."

फरक एकच सापडला, पण तो माझ्या धंद्यातला होता. एका होडीचे पत्रे रिबिटांनी, म्हणजे आरपार ठोकलेल्या खिळ्यांनी जोडलेले, शर्टाची बटणं लावावीत तशा ओळी. दुसरीचे पत्रे वेल्डिंगने जोडलेले. मी त्या वेल्डिंगच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि खरं सांगतो, मला भरून आलं. माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी शिवण, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. अल्युमिनियमचं वेल्डिंग अवघड. आर्गन गॅसचा सेट लागतो, हात स्थिर लागतो. ज्याने केलं त्याला मनातून नमस्कार केला. रिबिटांच्या होडीकडे बघितलं तर वाटलं, एवढी भोकं पाडून ठेवलीत, एक तरी दगा देणारच.

"हीच," मी म्हणालो. आणि बयाणा द्यायला खिशात हात घातला.

बायकोने माझं मनगट धरलं. "मावशीला इचारू."

मला थोडं लागलंच. मी म्हणालो, "मावशीला अल्युमिनियममधलं काय कळतं?"

"अल्युमिनियममदलं नाय. पन पानी कुठनं वाट काडतं ते कलतं."

परत येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. बायको मजेत शेंगा खात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडे गेलो, रस्त्याने. मिठागरावर मावशी भर उन्हात बांधावरून चालत होती. ही तिची रोजची फेरी. सकाळी नाही, संध्याकाळी नाही, दुपारी बाराच्या सुमारास. लग्न झालं तेव्हा मला वाटायचं म्हातारी हट्टी आहे, उन्हात मरेल. मग एकदा तिने दाखवलं होतं. मिठाच्या वाफ्यात खारं पाणी भरलेलं असतं आणि खेकडे बांधाला भोकं पाडतात. भोक एवढंसं असतं, पाणी झिरपताना दिसत नाही. पण दुपारच्या उन्हात झिरपलेलं पाणी बाहेरच्या अंगाला वाळतं आणि मातीवर मीठ उमटतं, बारीक पांढरी रेघ. मावशी ती रेघ बघते, वाकते, मुठीने चिखल दाबते, पुढे जाते.

मी तिला होड्यांचं सगळं सांगितलं. वही दाखवली. तिने वही उलटी धरून बघितली, का सुलटी, कोण जाणे, आणि परत दिली.

"पानी भरून बगितलंस का?"

"मावशी, मी वेल्डर आहे. मी शिवण बघून सांगतो."

"शिवन बगून गोदडी घेतात," ती म्हणाली. "तुजी सुट्टी कवा?"

"मंगळवारी."

"मंगलवारी पेनला स्टँडवर थांब. उन्हाच्या आदी."

मंगळवारी आम्ही स्टँडवर गेलो, या वेळी मुलगीही बरोबर. मावशी आधीच येऊन बसली होती. नऊवारी कासोटा, आमची वाट बघत डोळ्यांवर आडवा हात, आणि पायाशी तेलाचे दोन पिवळे कॅन, वीस-वीस लिटरचे, झाकणाला प्लास्टिक बांधलेलं.

"हे काय गो मावशी?" बायकोने विचारलं.

"शेवटच्या वाफ्यातलं पानी. मीठ धरायच्या आदलं."

ते पाणी मला माहीत होतं. दोन बोटांत चोळलं तर तेलासारखं बुळबुळीत लागतं, इतकं खारट. पण ते रोह्याला कशाला?

रोहा गाडीत चढवताना कंडक्टरने कॅन बघितले. "आजी, यात काय? रॉकेल नाय ना?"

"वास घे."

त्याने वास घेतला. "मग काय?"

"खारं पानी."

"विकायला?"

"रोह्याला खारं पानी इकत घेतंय का कोन? पोरगी बगायला चाललोय. तोंड धुवून बगनार."

पुढच्या सीटवरची बाई वळली. "कुनासाटी गो पोरगी?"

"ह्याच्यासाटी," मावशीने माझ्याकडे बोट केलं. मग बायकोकडे. "ही हायच. आनि एक आनायची म्हनतोय."

अख्खी गाडी हसली. नागोठणे येईपर्यंत लोक मला वळून बघत होते. मुलगी मोठ्याने सांगत होती, "होडी हाय ती, होडी!" पण कोणी ऐकायला तयार नाही. कंडक्टरने लगेजचं तिकीट काही फाडलं नाही. उतरताना एक कॅन स्वतः खाली दिला आणि मला म्हणाला, "पसंत पडली तर पेढे पाठवा."

बंगल्यावर मावशीने दोन्ही होड्यांना हात लावला नाही. नुसती चक्कर मारली. मग केअरटेकरकडून जॅक आणि लाकडाचे ठोकळे मागवले. मला सांगितलं, आधी एक कूस वर घ्यायची. पाणी ओतायचं, ते खालच्या शिवणीला जाऊन बसलं पाहिजे. एक कॅन या होडीत, एक कॅन त्या. थोड्या वेळाने दुसरी कूस वर, म्हणजे पाणी दुसऱ्या शिवणीला. मी, केअरटेकर आणि बायको असे तिघं तिच्या हुकमाखाली. केअरटेकर एकदाच कुरकुरला, "साहेबांच्या सीटा खराब व्हतील." मावशी म्हणाली, "तुज्या साहेबानं बसून खराब केल्या असत्या तर बरं झालं असतं."

मग आम्ही बदामाखाली बसलो. तांदळाची भाकरी, सुकट, कांदा. केअरटेकरलाही वाढलं. मुलगी कप ठेवायच्या भोकात बदामाची फळं भरत होती. पत्रा इतका तापला होता की वरची हवा हलताना दिसत होती. मी दर पाच मिनिटांनी उठायचो आणि मावशी "बस" म्हणायची. मला खात्री होती. तरी बूड टेकत नव्हतं. हे माझं नेहमीचंच, खात्री असली की धास्ती जास्त मोठी.

बारा वाजून गेले तशी मावशी उठली. आधी रिबिटांच्या होडीखाली वाकली. पूर्ण फिरली. मागच्या फळीच्या खाली एका ठिकाणी बोट ठेवलं. एका रिबिटाभोवती पांढरं कडं, टिकलीएवढं. बाकी कोरडं ठणठणीत.

मग दुसरीकडे. गोणपाट टाकलं आणि या वयात ती सरळ पाठीवर आडवी झाली, होडीखाली डोकं घालून. शिवणीवरून बोट फिरवत टोकापर्यंत सरकली. मग आवाज आला.

"जावय, ये हिकडं. तुजी मोत्याची माल बग."

मी तिच्या शेजारी आडवा झालो. माझी ती शिवण, माशाच्या खवल्यांची, मी नमस्कार केलेली. तिच्यावर ओळीने पांढरे ठिपके उमटले होते, साखरेच्या दाण्यांसारखे. एक, दोन, चार. पुढे सलग रेघच. मी एक ठिपका नखाने काढला आणि जिभेवर ठेवला. मीठ.

हे मला कळायला हवं होतं. पत्र्यावर जरा तेल राहिलं किंवा हवा दमट असली की अल्युमिनियमच्या वेल्डिंगमध्ये बुडबुडे राहतात. वरून सुरेख, आतून सच्छिद्र. कंपनीत अशी शिवण तपासायला लाल औषध मारतात, ते पुसतात, वर पांढरी पावडर फवारतात, मग भोक असेल तिथे लाल उमटतं. मी स्वतः दुसऱ्यांच्या शिवणी अशा पकडल्या आहेत. आणि इथे, जिच्यात माझी दोन माणसं बसणार, तिची शिवण मी नुसतं बोट फिरवून पास केली. दिसायला आपल्या हातच्या कामासारखी होती म्हणून.

"मी हीच घेतली असती, मावशी," मी म्हणालो. होडीखाली आडवं पडून बोललं की खरं बोलायला सोपं जातं.

"घेतली नायस ना?"

"बायकोने हात धरला म्हणून."

"मग? धरायलाच हाय ती." ती उठायला लागली, मी हात दिला. पाठीवरची माती झटकत म्हणाली, "तुज्या गावाला पानीच नाय, तुला कुठनं ठावं असनार? पन तू भेतोस ते बरं हाय. भेनारा मानूस दोनदा येतो. माज्या बांदावर मी असाच गडी ठेवायची, भेनारा. बिनघोर गड्यानं बांद घातला की खेकड्यांचं लगीन."

इतक्या वर्षांत माझ्या भीतीला कोणी असं जागा दिली नव्हती. शाळेत मास्तर, दुकानात दाजी, कंपनीत सुपरवायझर, सगळे म्हणायचे, घाबरू नको. मावशी म्हणाली, घाबर, पण बघायला ये.

केअरटेकरचा चेहरा पडला होता. त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं, होडी फोटोतच जास्त गेलेली. मी त्याला सांगितलं, रिबिटाची आम्ही नेतो, पण ही दुसऱ्या कोणाला अशीच देऊ नका, मी येऊन शिवण घासून परत मारून देतो. नंतर एका सुट्टीला ओळखीच्याचा आर्गनचा सेट आणून तसं केलंही. "म्हातारीचं पानी आना, त्याच्याबिगर मी नाय मानत," असा केअरटेकरने फोन केला, म्हणून परत एक कॅन एसटीत. कंडक्टर तोच. "अजून पसंत पडंना का?" म्हणाला. त्या दिवशी शिवण संध्याकाळपर्यंत कोरडी राहिली. ती होडी आता अष्टमीच्या एका कुटुंबाकडे आहे, मी रोह्याच्या पुलावरून जाताना खाली नदीत दिसते कधी कधी. दिसली की मी तिची खालची बाजू बघायचा प्रयत्न करतो. सवय.

आमची होडी टेम्पोतून पेणला आली. तो एक रिबिट मी काढला, नवा ठोकला, आणि मिठागराच्या बांधावर ठेवून पुन्हा खारं पाणी, पुन्हा दुपार. मावशीने नव्या रिबिटावर बोट फिरवून स्वतःच्या जिभेला लावलं आणि थुंकली नाही. म्हणजे पास.

पाण्यात सोडली त्या दिवशी नारळ फोडला, पुढच्या टोकाला हळदकुंकू लावलं. इंजिनावर बायको. सगळ्यात पुढे मुलगी, नारिंगी लाइफ जॅकेटमध्ये बुडालेली. मध्ये मावशी, हातात वल्हं उभं धरून. "अगो, इंजन हाय की," बायको म्हणाली. "इंजनाला हात हायत का?" म्हणाली, आणि वल्हं सोडलं नाही. मागे मी. मी दोन जॅकेटं घातली होती, एकावर एक. काठावरचे हसले तर हसू दे.

खाडी अर्धी झाली असेल. भरतीचं पाणी, वारा मंद, दोन्हीकडे खारफुटी, आणि मला पहिल्यांदाच जरा बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात माझ्या पायाला गार लागलं. खाली बघतो तर पाणी. फळीखालून वाहत येतंय.

मी ओरडलो. काय ओरडलो ते बायको आजही नक्कल करून दाखवते, मी इथे लिहीत नाही. बायकोने इंजिन बंद केलं. मावशी शांतपणे म्हणाली, "चाक."

"काय?"

"चाकून बग, जावय. वरडतोस काय."

मी बोट बुडवलं आणि चाखलं. गोड.

मुलगी मागे वळून बघत होती, हातात तिची पाण्याची बाटली, झाकण उघडं, बाटली रिकामी. "पप्पा, मी होडीला पानी पाजलं," ती म्हणाली. "तिला लई ऊन लागलं होतं ना."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. बायको इंजिनावर डोकं टेकून हसतेय, मावशीचं वल्हं थरथरतंय, आणि दोन जॅकेटांत मी, मी तर रडत होतो आणि हसत होतो. होडी मध्येच एका जागी हळूहळू फिरत होती. काठावरच्यांना वाटलं काही झालं, ते हाका मारायला लागले. आता गावात मी दिसलो की कोणी ना कोणी विचारतंच, "काय पाव्हनं, पानी गोड का?" मी म्हणतो, "गोड." खरंच सांगतो.

त्या दिवशी पलीकडे उतरताना मावशी होडीच्या फळीवर हात ठेवून क्षणभर थांबली. म्हणाली, "लहान व्हते तवापासून होडीत बसतेय. पन नुसती बसलेय असं कंदीच नाय. हातात वल्हं, नायतर टोपली, नायतर पानी काडायचा डबा." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "खाडी जिथं समिंदराला मिलते तिथवर एकदा नुसतं बसून जायचं हाय. कुनीतरी न्यावं आनि मी बगावं."

मी तिला तेव्हा काही म्हणालो नाही. मला पोहता येत नव्हतं आणि इंजिनाची दोरी ओढायलाही भीती वाटत होती. कशाच्या जोरावर बोलणार?

आता सुट्टीच्या दिवशी ओहोटीला बायको मला कमरेएवढ्या पाण्यात पोहायला शिकवते. मुलगी काठावरून मोजते. काल पंधरा हात मारले, सोळाव्याला नाकात पाणी गेलं. इंजिन चालू करायला येतं, वळवताना अजून दात आवळतो. वेळ लागेल. पण मावशी, हे कोणीतरी तुला वाचून दाखवेल तेव्हा ऐक. एक दिवस मी तुला खाडीच्या तोंडापर्यंत नेणार आहे. होडी मी चालवणार. वल्हं मी काठावरच ठेवून येणार, आणि तू पुढच्या फळीवर दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बसायचंस. जॅकेट मात्र मी दोन घालीन, त्याला काही म्हणायचं नाही.